डॉ. हेपबर्न : चव्वेचाळिसाव्या वर्षी झालेला विद्यार्थी

जपानी मनुष्य परदेशी जावयास निघाला म्हणजे त्याच्या पासपोर्टावर त्याचे नाव रोमन अक्षरांतही लिहावे लागते. जपानी शब्द रोमन लिपीत उतरविण्याची जी रीत त्या कामी पाळतात, तिला तेथील लोक हेबन-रीत म्हणतात. हेबन हे जपानी नाव नव्हे. ते एका अमेरिकन वैद्याचे आडनाव आहे, आणि तेही जपानी जिभेवर घोळून बदललेले. मूळ नाव हेपबर्न. लोकांनी ते कानांनी ऐकले आणि आपल्या तोंडास झेपेल तसे म्हटले. त्या वैद्याने मूळ उच्चाराविषयी हट्ट धरला नाही. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या जपानी मुखपृष्ठावर त्याचे नाव हेबन असेच छापलेले आहे.

प्रिय वाचकहो, या डॉ. जेम्स कर्टिस हेपबर्न यांचे चरित्र आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो. इंग्रजी बोलणारा मनुष्य आणि जपानी बोलणारा मनुष्य समोरासमोर उभे राहिले असता त्यांच्यामध्ये केवढी भिंत होती, आणि ती एकेक वीट काढून कशी पाडावी लागली, हे या चरित्रावरून चांगले कळते.

डॉ. हेपबर्न यांचा जन्म अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात मिल्टन या गावी ता. १३ मार्च १८१५ रोजी झाला. सन १८३२ मध्ये ते प्रिन्स्टन येथील कॉलेजातून पदवीधर झाले, आणि १८३६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची वैद्यकीची पदवी त्यांस मिळाली. सन १८४० मध्ये क्लारा लीट या बाईंशी त्यांचा विवाह झाला. परदेशी जाऊन रोग्यांची व प्रभूची सेवा करावी असा दोघांचाही निश्चय असल्यामुळे पुढील वर्षीच ती पूर्वेकडे येण्यास निघाली. काही काळ सिंगापूर येथे राहून १८४३ मध्ये ती चीन देशातील अमॉय बंदरी गेली. परंतु तेथील हवा त्यांस मानवली नाही. तापाने दोघेही खंगली, आणि अखेर १८४६ च्या सुमारास त्यांस मायदेशी परतावे लागले.

सिंगापुरात असताना डॉक्टरांच्या हाती एक लहानसे पुस्तक आले होते. योहानाच्या शुभवर्तमानाचे ते जपानी भाषांतर असून १८३७ मध्ये तेथेच छापले गेले होते. त्याची कथा विलक्षण आहे. जपानच्या ओवारी प्रांतातील एक गलबत १८३२ मध्ये वादळात सापडून वर्षभराहून अधिक काळ समुद्रावर भरकटत राहिले, आणि शेवटी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागले. त्यावरील तीन खलाशी तेवढे जिवंत उरले होते. फिरत फिरत ते मकाव बंदरी आले. तेथे गुट्झलाफ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांच्या मदतीने हे भाषांतर केले. आरंभीच्या वचनातील ‘शब्द’ यास जपानीत काय म्हणावे, हा पहिलाच प्रश्न. त्या खलाश्यांनी आपल्या रोजच्या बोलीतून जे दिले त्याचा अर्थ ‘शहाणा पुरुष’ असा होतो. बिचाऱ्यांनी आपल्याजवळ होते ते दिले. त्यांस व आणखी काही जपानी लोकांस घरी पोहोचविण्याकरिता १८३७ मध्ये एक अमेरिकन जहाज जपानच्या किनाऱ्यापर्यंत गेले, तेव्हा किनाऱ्यावरून त्यावर तोफा डागण्यात आल्या. जपानची दारे त्या काळी अशी बंद होती. ‘शब्द’ या एका शब्दाची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे आम्हांस परत यावयाचे आहे.

न्यूयॉर्क शहरी डॉक्टरांनी तेरा वर्षे वैद्यकीचा धंदा केला. धंदा चांगला चालला आणि पैसाही मिळाला. परंतु त्याच शहरी त्यांची तीन लहान मुले वारली. एक मुलगा तेवढा राहिला.

सन १८५८ मध्ये अमेरिका व जपान यांच्यामध्ये तह होऊन पुढील वर्षी काही बंदरे उघडावयाची असे ठरले. हे कळताच डॉक्टरांनी घरदार व धंदा मोडला, चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाकरिता मागे ठेविले, आणि पत्नीसह ते जहाजावर चढले. सन १८५९ च्या ऑक्टोबर महिन्यात ती उभयता कानागावा या गावी उतरली. राहावयास एक बौद्ध मंदिर मिळाले. ख्रिस्ती धर्म स्वीकारणे हा त्या वेळी तेथे मोठा गुन्हा होता, आणि तशी मनाई करणारे फलक चव्हाट्यावर लावलेले असत. उघड उपदेश करण्याची सोय नव्हती. हाती दोनच कामे होती. रोग्यांस औषध देणे आणि भाषा शिकणे. डॉक्टरांचे वय तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. ज्या वयात माणसे दुसऱ्यांस शिकवू लागतात, त्या वयात ते पाटी घेऊन बसले.

आता या भाषेची अडचण काय होती ते पाहू. आम्हां मराठी बोलणाऱ्यांस जपानी वाक्याची ठेवण फारशी परकी वाटणार नाही. आपण ‘मी पाणी पितो’ असे म्हणतो व क्रियापद शेवटी ठेवितो. जपानी मनुष्यही तसेच करितो. आपण ‘घरात’, ‘घराला’ असे प्रत्यय नामामागून जोडितो. तोही तसेच जोडितो. परंतु इंग्रजी बोलणारा ‘मी पितो पाणी’ अशा क्रमाने विचार करणारा. त्याला प्रत्येक वाक्य उलटे करून बोलावे लागते, आणि ऐकताना शेवटचा शब्द येईपर्यंत, मनुष्य होय म्हणतो आहे की नाही म्हणतो आहे, याचा उलगडा होत नाही.

दुसरी अडचण मानमरातबाची. आपल्यातही तू, तुम्ही आणि आपण असा भेद आहे. परंतु जपानीत क्रियापदच बदलते. ‘खाणे’ यास साधा शब्द ताबेरु, वडील मनुष्य खात असल्यास मेशिआगारु, आणि आपण स्वतः नम्रपणे घेत असल्यास इतादाकु. चाकराशी बोलण्याची भाषा सरदारापुढे वापरली तर अपमान, आणि सरदाराची भाषा चाकराशी वापरली तर हसे. शिवाय बोलण्याची भाषा एक आणि लिहिण्याची दुसरी. बाजारात शिकलेले पुस्तकात चालत नसे, आणि पुस्तकातले बाजारात कोणास कळत नसे.

तिसरी अडचण लिपीची. जपानी लोकांची काना नावाची अक्षरे आपल्या बाराखडीसारखी आहेत. आ, इ, उ, ए, ओ, पुढे का, सा, ता, ना असा त्यांचा एक क्रम लावितात, आणि तो आपल्या वर्णमालेशी जुळतो. यात नवल नाही, कारण संस्कृत अक्षरांचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळेच तो क्रम तेथे रूढ झाला. परंतु काना शिकून काम भागत नाही. तिच्या जोडीला चीन देशातून आलेली हजारो चित्रवजा अक्षरे आहेत, आणि एकेका अक्षराचे उच्चार अनेक. ‘मनुष्य’ या अर्थाचे अक्षर एके ठिकाणी हितो, दुसरीकडे जिन, तिसरीकडे निन असे वाचावे लागते. डॉक्टरांनी चीनमध्ये काही अक्षरे पाहिली होती, पण येथे ओळखीच्या चेहऱ्याच्या माणसाने निराळेच नाव सांगावे तसे झाले.

आणि सारख्या ध्वनीचे शब्द किती! कामि म्हणजे देव, कामि म्हणजे कागद, आणि कामि म्हणजे केसही. लिहिण्याची अक्षरे निराळी, आणि देव म्हणताना स्वराचा चढउतारही निराळा. परंतु नवख्याच्या कानाला ते कळणार कसे? ज्याला देवाविषयी बोलावयाचे आहे त्याने कागदाविषयी बोलून जावे, अशी ही वाट निसरडी होती. पुस्तकांची मदत म्हणाल तर जवळजवळ नव्हतीच. जेझुइट पाद्र्यांनी १६०३ मध्ये नागासाकी येथे छापलेला जपानी-पोर्तुगीज कोश आणि मेडहर्स्ट साहेबांनी १८३० मध्ये बटाव्हिया येथे छापलेली लहान शब्दावली, एवढीच काय ती शिदोरी. बाकी सर्व जिवंत माणसांच्या तोंडून मिळवावयाचे होते.

जपानी लोकांची अडचणही याहून हलकी नव्हती. दोनशे वर्षांवर ते डच व्यापाऱ्यांखेरीज कोणत्याही युरोपीय लोकांशी व्यवहार करीत नसल्यामुळे तेथील विद्वान डच भाषा शिकत. पुढे मोठे शिक्षणकर्ते म्हणून प्रसिद्धीस आलेले फुकुझावा युकिचि हे १८५९ मध्ये योकोहामा पाहावयास गेले, तो दुकानांच्या पाट्या त्यांस वाचता येईनात व कोणाशी बोलताही येईना. इतकी वर्षे खपून डच शिकलो, आणि जगाचा व्यवहार तर इंग्रजीत चालला आहे, हे कळून ते खिन्न झाले. परंतु दुसऱ्याच दिवशी त्यांनी इंग्रजी शिकण्याचा निश्चय केला.

इंग्रजी उच्चार हा मोठाच घाट. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ असा भेद नाही. म्हणून राइस म्हणजे तांदूळ आणि लाइस म्हणजे उवा हे दोन शब्द जपानी विद्यार्थ्याच्या तोंडी एकच होतात. जोडाक्षरेही त्या भाषेत फारशी नाहीत. प्रत्येक व्यंजनामागे बहुधा स्वर हवा. त्यामुळे इंग्रजीतील स्प्रिंग हा आखूड शब्द त्यांच्या तोंडी सुपुरिंगु असा लांबतो. हेपबर्नचे हेबन झाले तेही असेच. विद्यार्थी मंद असतो असे मुळीच नाही. लहानपणापासून ज्या वळणाची सवय जिभेला झाली ते वळण ती सोडीत नाही, एवढेच.

क्लाराबाईंनी १८६३ च्या सुमारास योकोहामा येथे आपल्या घरी मुलांस इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला. त्या वर्गात ताकाहाशि कोरेकियो नावाचा एक लहान मुलगा होता. सन १८६७ मध्ये तो अमेरिकेस गेला असता त्याच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. कागदात काय लिहिले आहे ते नीट न समजता त्याने सही केली, आणि मागाहून त्यास कळले की आपण वेठीचा चाकर म्हणून विकले गेलो आहो. भाषा अर्धवट येणे म्हणजे काय, हे त्या मुलास असे शिकावे लागले. त्यातून तो सुटला, आणि पुढे १९२१ मध्ये जपानचा मुख्य प्रधान झाला. अक्षरओळख झाली म्हणून कोणत्याही कागदावर आंगठा किंवा सही करू नये, हे आमच्या खेड्यांतील बंधूंसही सांगावयास नको.

इकडे डॉक्टरांनी १८६१ मध्ये कानागावा येथील दुसऱ्या एका मंदिरात दवाखाना उघडला. रोग्यांची रीघ लागली. परंतु पाच महिन्यांनी सरकारच्या हुकुमाने तो बंद करावा लागला. सन १८६२ च्या अखेरीस ते योकोहामा येथे राहावयास गेले व तेथे पुन्हा औषध देऊ लागले. डोळ्यांचे रोग त्या काळी तेथे फार. कोणाचे कोठे दुखते, कसे दुखते, केव्हापासून दुखते, हे विचारता विचारता रोगी हेच डॉक्टरांचे पंतोजी झाले. दुखणाऱ्या माणसाच्या तोंडून येणारा शब्द हा खरा चालता शब्द असतो. असे शब्द ते टिपून ठेवीत गेले.

डोळे दाखवावयास आलेल्यांमध्ये किशिदा गिन्को नावाचे एक विद्वान गृहस्थ होते. डॉक्टरांच्या औषधाने त्यांस गुण आला, आणि ते कोशाच्या कामी डॉक्टरांचे साहाय्यक झाले. एकाने दुसऱ्याचे डोळे उघडावे आणि दुसऱ्याने पहिल्याचे कान, असा हा सौदा होता. डॉक्टरांनी एका नेत्रौषधाची कृती गिन्को यांस शिकविली. ते औषध विकून गिन्को यांनी पुढे चांगले नाव मिळविले, आणि आंधळ्यांच्या शिक्षणाकरिता १८७५ मध्ये टोकियो येथे जी मंडळी स्थापन झाली तिच्या पुढाऱ्यांत ते होते.

सात वर्षांच्या श्रमांनी कोश तयार झाला. परंतु इंग्रजी व जपानी अक्षरे एका पानावर छापील असा छापखाना जपानात नव्हता. म्हणून १८६६ मध्ये डॉक्टर व गिन्को हस्तलिखित घेऊन चीनमधील शांघाय येथे गेले. तेथील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या छापखान्यात १८६७ मध्ये ग्रंथ पुरा झाला. जपानी-इंग्रजी भागात २०,७७२ आणि इंग्रजी-जपानी भागात १०,०३० शब्द होते. व्यापारी, वकील, शिक्षक, विद्यार्थी अशा दोन्ही बाजूंच्या माणसांस तो एक पूलच झाला. दुसरी आवृत्ती १८७२ मध्ये व तिसरी १८८६ मध्ये निघाली. तिसऱ्या आवृत्तीत जपानी शब्दांची संख्या ३५,६१८ झाली होती.

या तिसऱ्या आवृत्तीविषयी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पहिल्या दोन आवृत्त्यांत डॉक्टरांनी जपानी शब्द रोमन अक्षरांत आपल्या रीतीने लिहिले होते. सन १८८५ मध्ये जपानी व परदेशी विद्वानांच्या एका मंडळाने विचार करून सुधारलेली रीत ठरविली. स्वर इटालियन भाषेप्रमाणे उच्चारावे आणि व्यंजने इंग्रजीप्रमाणे, असा तिचा सामान्य नियम. डॉक्टरांचे वय तेव्हा सत्तर वर्षांचे होते, आणि त्यांचा कोश सर्वत्र मान्य झालेला होता. तरी त्यांनी आपली जुनी रीत सोडून नवी स्वीकारली. कोशाबरोबर ती देशभर पसरली, आणि लोकांनी तिला त्यांचेच नाव दिले. ज्याने स्वतःचे सोडले त्याचेच नाव राहिले.

आता ‘शब्द’ या शब्दाकडे येऊ. सन १८७२ मध्ये डॉ. हेपबर्न व त्यांचे सोबती एस. आर. ब्राऊन यांचे मार्क व योहान यांच्या शुभवर्तमानांचे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी निरनिराळ्या मिशनांची सभा भरून सर्वांनी मिळून नव्या कराराचे भाषांतर करावे असे ठरले. पुढील वर्षी मनाईचे फलकही काढण्यात आले. भाषांतराच्या कमिटीत ब्राऊन, हेपबर्न व ग्रीन हे मुख्य असून ओकुनो, माट्सुयामा व ताकाहाशि गोरो हे जपानी विद्वान त्यांच्याबरोबर बसत.

वाद पुष्कळ झाले. नाथान ब्राऊन नावाचे एक वृद्ध बॅप्टिस्ट मिशनरी होते. त्यांनी पूर्वी आपल्या हिंदुस्थानातील आसाम प्रांतात राहून नव्या कराराचे आसामी भाषांतर केले होते. बाप्तिस्मा या शब्दास पाण्यात बुडविणे अशा अर्थाचाच जपानी शब्द पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ते इतरांस मान्य न झाल्यामुळे त्यांनी कमिटी सोडली, आणि १८७९ मध्ये केवळ साध्या काना अक्षरांत स्वतःचे भाषांतर काढिले.

दुसरा वाद भाषेच्या थाटाचा. विद्वान म्हणत की चिनी शब्दांनी भरलेल्या भारदस्त भाषेवाचून ग्रंथास मान मिळणार नाही. मिशनरी म्हणत की शेतकऱ्याला व बायकामुलांना कळले नाही तर मान काय करावयाचा? शेवटी मधली वाट निघाली. योहानाच्या आरंभी ‘शब्द’ या ठिकाणी त्यांनी ‘मार्ग’ या अर्थाचे चिनी अक्षर लिहिले, कारण चिनी पवित्र शास्त्रात तेच होते आणि विद्वानांस त्याचे वजन ठाऊक होते. परंतु त्याच्या बाजूस लहान काना अक्षरांत वाचावयाचा उच्चार दिला तो कोतोबा, म्हणजे साधा घरगुती ‘शब्द’. पंडिताने डोळ्यांनी अक्षर पाहावे, आणि म्हातारीने कानांनी आपला शब्द ऐकावा. खलाश्यांच्या ‘शहाण्या पुरुषा’पासून येथवर येण्यास चाळीसांहून अधिक वर्षे लागली.

नवा करार १८८० मध्ये पुरा छापून निघाला. जुन्या कराराचे काम पुढे चालून ता. ३ फेब्रुवारी १८८८ रोजी टोकियो येथील एका मंदिरात समाप्तीचा सोहळा झाला. डॉ. हेपबर्न यांनी एका हाती नवा व एका हाती जुना करार घेतला, आणि दोन्ही एकत्र करून जपानी लोकांस अर्पण केले. पुढे मेइजि गाकुइन या कॉलेजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. कोशाच्या हक्कांचे जे द्रव्य मिळाले तेही त्यांनी त्या कॉलेजास दिले.

तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर १८९२ मध्ये ती उभयता अमेरिकेस परतली. क्लाराबाई १९०६ मध्ये निवर्तल्या. डॉक्टर ता. २१ सप्टेंबर १९११ रोजी न्यू जर्सी प्रांतातील ईस्ट ऑरेंज गावी वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी प्रभूकडे गेले.

वाचकहो, डॉ. हेपबर्न यांच्यापाशी द्यावयाचे पुष्कळ होते. औषध होते, विद्या होती आणि शुभवर्तमान होते. तरी त्यांची पहिली वर्षे मागण्यातच गेली. यास काय म्हणता, हे कसे बोलता, असे ते रोग्यास व पंडितास विचारीत राहिले. आमच्यातील पुष्कळ सुवार्तिक शेजारच्या वस्तीत जातात, आणि तेथील बोली आपल्याहून थोडी निराळी दिसली की हसतात, किंवा आपलीच बोली रेटतात. त्यांनी या वैद्याचे स्मरण ठेवावे. ज्याला कोणाच्या दारी शब्द न्यावयाचा आहे, त्याने त्या घरातील माणसांपाशी बसून आधी त्यांचे शब्द मागून घ्यावे. आपले नाव त्यांच्या तोंडी थोडे बदलले तरी त्यात हानी नाही. हेपबर्न गेले, परंतु हेबन अजून त्या देशात राहतो आहे.